रोज ६२ किलोमीटर, परभणी ते बोरीच्या अलीकडे: पेट्रोल घेऊ की सीएनजी?

पहिली_घंटा (परभणी)

नमस्कार. घरात आजवर चारचाकी आलेली नाही, ही पहिलीच. म्हणून प्रश्न सविस्तर लिहितेय, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घर परभणीत, जुन्या पेठेत. शाळा जिंतूर रस्त्याला, झरी ओलांडून बोरीच्या अलीकडच्या एका फाट्यावरून कच्च्या रस्त्याने चार किलोमीटर आत. जायला ३१, यायला ३१. आठ वर्षं हा रस्ता एसटी, काळीपिवळी आणि स्कूटी असा मिळेल तसा केलाय. एसटीत २०२३ पासून आम्हा बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे पैशाच्या बाबतीत एसटीला काहीच तोड नाही, हे मला माहीत आहे. पण फाट्यावर उतरल्यावर पुढचे चार किलोमीटर कोण नेणार? कुणाच्या तरी मोटारसायकलीवर मागे बसायचं, नाही तर चालायचं. आणि शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा वेळेवर पोचवणारी गाडीच नाही.

स्कूटीवर जमत होतं. मागच्या श्रावणात फाट्याच्या आत काळ्या चिखलात घसरले आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना फळ्यावर डाव्या हाताने लिहिलं. तेव्हाच घरात ठरलं की आता चारचाकी.

शिक्षक पतसंस्थेचं कर्ज धरून रस्त्यावर येईपर्यंत सात लाख, त्याच्या वर एक रुपया नाही. माझ्यासोबत शाळेतल्या दोघी मॅडम येणार आहेत, त्या इंधनाचा वाटा देतील. रविवारी सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागतं, त्यांना गुडघ्यांमुळे खाली वाकून बसता येत नाही. गल्ली अरुंद आहे. गाडी वाड्यासमोर नाही, मारुतीच्या पाराजवळ लावावी लागेल.

शोरूमला गेलो तर तिथल्या मुलाने एकच आकडा पुन्हापुन्हा सांगितला: "मॅडम, किलोला ३४ किलोमीटर, डोळे झाकून सीएनजी घ्या." पेट्रोलच्या गाडीला २४–२५ म्हणतात. परभणीचा पेट्रोलचा भाव तुम्हाला ठाऊकच आहे. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर इतक्या लांब येतो, त्याचं भाडं आम्हीच भरतो. २०१८ आणि २०२१ साली भाव चढले तेव्हा आमचं गाव बातम्यांत होतं. त्यामुळे ३४ ऐकून मन तिकडेच ओढ घेतं. पण सीएनजीचा पंप माझ्या रोजच्या वाटेवर नाही, उलट्या दिशेला साडेचार किलोमीटर जावं लागतं. मिस्टर म्हणतात सीएनजी, भाऊ म्हणतो पेट्रोल, शाळेतले एक सर म्हणतात जुनी डिझेल. ज्यांनी रोज इतकं अंतर खरोखर चालवलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

बालाघाट_०२ (बीड)

ताई, जुनी डिझेल घ्या. माझी २०१४ ची आहे, अजून २२ देते. तीन-साडेतीन लाखांत मिळून जाईल, कर्जही कमी पडेल.

खतावणी (जालना)

मॅडम, मी जालन्याहून शेंद्रा एमआयडीसीत रोज जातो. जाऊन-येऊन ९० किलोमीटर. सेलेरिओ पेट्रोल आहे, साधी गिअरची. घेतल्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल वहीत लिहिलंय. आज ४१ महिने झाले, एकही नोंद चुकलेली नाही. त्या वहीच्या आधारावर सांगतो.

आधी त्या ३४ आणि २५ चं. हे आकडे खोटे नसतात, पण ते आपल्या रस्त्याचे नसतात. मायलेजच्या चाचणीत गाडी रोलरवर उभी असते, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवतात, कमी करतात. जवळपास ११ किलोमीटरचा तो खेळ वीस मिनिटांत संपतो. सरासरी वेग ताशी ३२–३३ च्या आसपास, जास्तीत जास्त ९०, आणि एसी बंद. आता मे महिन्यात दुपारी शाळा सुटल्यावर तीन बायका एसी बंद ठेवून झरीहून परभणीला येतील का? माझ्या गाडीचा कागदावरचा आकडा २५.२४ आहे. वहीतला सगळ्यात चांगला महिना २४.१, तो जानेवारीतला, काच अर्धी खाली, एसी बंद. सगळ्यात वाईट १७.६, तो मे महिन्यातला. त्या महिन्यात वडील संभाजीनगरला ॲडमिट होते आणि गाडी शहरातच जास्त फिरली. ४१ महिन्यांची सरासरी २०.८.

गाडीच्या पडद्यावरचा ॲव्हरेज खरा मानू नका. माझा पडदा नेहमी सव्वा-दीडने जास्त दाखवतो. खरा आकडा एकाच पद्धतीने कळतो. टाकी पूर्ण भरायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. राऊंड फिगर करायला "अजून थोडं टाका" म्हणायचं नाही. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर.

आता तुमचा हिशेब. तुम्ही महिन्याला २५ दिवस धरून वर्षाला १८ हजारांच्या वर किलोमीटर धरले असतील, शोरूमवालेही तसंच धरतात. पण शाळा वर्षात साधारण २२० दिवस. उन्हाळी सुट्टी, दिवाळी वजा करा. ६२ गुणिले २२० म्हणजे १३,६४०. दवाखाना, लग्नकार्य धरून वर २,०००. म्हणजे वर्षाला १५,६०० धरू.

पेट्रोल १०५ रुपये आणि खरा ॲव्हरेज २० धरला तर ७८० लिटर, ८१,९०० रुपये. सीएनजी ९२ रुपये किलो आणि खरा ॲव्हरेज २६ धरला तर ६०० किलो, ५५,२०० रुपये. वर्षाला २६,७०० वाचले. सीएनजीची तीच गाडी ९०–९५ हजारांनी महाग असते, म्हणजे तेवढे पैसे फिटायला साडेतीन वर्षं. भाव तुमच्या पंपावरचे घालून पुन्हा करून बघा, आकडे थोडे हलतील, चित्र फार हलणार नाही.

इथपर्यंत सीएनजी जिंकते. पण तुम्ही लिहिलेल्या साडेचार किलोमीटरकडे बघा. छोट्या गाडीत ६० लिटरचं सिलिंडर असतं, त्यात प्रत्यक्षात साडेसात-आठ किलो गॅस बसतो. साडेसात गुणिले २६ म्हणजे १९५ किलोमीटर, तुमचे जेमतेम तीन दिवस. वर्षात ८० वेळा गॅस भरायचा. दर वेळी नऊ किलोमीटरचा फेरा म्हणजे ७२० किलोमीटर. त्याचे अडीच हजार रुपये सोडून द्या, ते मोठं नाही. रांगेसकट दर वेळी ४० मिनिटं धरली तरी वर्षाला ५३ तास होतात. ते तास सकाळी डबे करतानाचे आहेत की संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेतानाचे, हे तुम्हालाच माहीत. माझ्या कंपनीतल्या एकाला पंप अगदी रस्त्यातच पडतो, तो सीएनजीवर सुखात आहे. मी त्याला पेट्रोल घे म्हणणार नाही. तुमच्या जागी मी स्वतः पेट्रोल घेईन.

आणि वेग. हे मी मुद्दाम करून पाहिलं. दोन आठवडे ८० च्या वर गेलो नाही, पुढचे दोन आठवडे जिथे मोकळा रस्ता तिथे १००. पहिल्यात २३.२, दुसऱ्यात १९.४. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीच्या पुढे जातो. आणि घरी किती लवकर पोचलो? बदनापूर आणि करमाडची गर्दी तीच, त्यामुळे चार मिनिटं. गाडी निवडताना एका-दोन किलोमीटरच्या फरकासाठी आपण महिनाभर डोकं फोडतो, आणि उजव्या पायाने चार घालवतो.

रात्रीचं_चार्जिंग (लातूर)

इलेक्ट्रिकचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझी टियागो ईव्ही आहे, २४ युनिटच्या बॅटरीची. रोज ५४ किलोमीटर. एका युनिटमध्ये मला सात किलोमीटर मिळतात, हिवाळ्यात आठही. तुमच्या ६२ किलोमीटरला नऊ युनिट लागतील. युनिट १२ रुपयांनी धरलं तरी दिवसाला १०८ रुपये. तेच पेट्रोलने सव्वातीनशे. चालवायला ईव्हीइतकं स्वस्त दुसरं काही नाही, हे मी रोज अनुभवतेय.

पण तुमचं वर्णन वाचून मला दोन अडचणी दिसतात. एक म्हणजे बजेट. ईव्हीवर जीएसटी ५ टक्केच आहे, तरी सात लाखांत माझ्यासारखी नवी बसत नाही. दुसरी त्याहून मोठी, गाडी पाराजवळ आणि मीटर वाड्यात. चार्जिंगला स्वतःच्या जागेत १५ ॲम्पिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग लागतं. जुन्या वाड्यांत अर्थिंग बहुतेक वेळा नसतंच. आमच्याकडे वायरमनने अंगणात नवा खड्डा घेऊन अर्थिंग केलं, तेव्हा गाडी चार्ज व्हायला लागली. त्याआधी चार्जर लावला की लाल दिवा. गल्लीतून वायर ओढत नेऊन चार्ज करायचा विचार कुणी सुचवला तर अजिबात ऐकू नका, पावसात जिवाशी खेळ आहे तो.

ज्यांच्या घरात गाडी आत येते आणि रोजचं अंतर ठरलेलं आहे, त्यांनी मात्र पेट्रोल-सीएनजीच्या आधी ही बघावी.

पाना_नंबर_बारा (नांदेड)

ताई, नांदेडातून लिहायलोय. २३ वर्षं झाली गॅरेजला. आधी डिझेलचं सांगतो, कारण जुनी डिझेल घेऊन लोक माझ्याकडेच येऊन रडायलेत.

बीडच्या भावाची २०१४ ची चालायली, चांगलं आहे. त्याची गाडी त्यानं सांभाळली असंल. पण आता बाजारात जाऊन दुसऱ्यानं वापरलेली घ्यायची म्हणजे वेगळं. मारुतीनं तर एप्रिल २०२० पासून डिझेल बंदच केली, म्हणून बाजारात छोटी डिझेल दिसंल ती बहुतेक सहा वर्षांच्या वरची. इंजेक्टर, टर्बो, क्लच, यातलं एक जरी निघालं तरी तुमची दोन वर्षांची बचत एका दिवसात गेली. शाळेला जायच्या गाडीनं सकाळी चालू झालंच पाहिजे. मी माझ्या बहिणीला घेऊ देणार नाही.

जुनी पेट्रोल घ्यायची असली तर एप्रिल २०२३ नंतरची बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि त्या तारखेपासूनच्या गाड्यांचे रबरी पाईप, सील त्याला चालणारे आहेत. इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या मानानं ॲव्हरेज सहा-सात टक्के खाली येणारच. गिऱ्हाईक म्हणतंय मिस्त्रीनं ट्युनिंग बिघडवलं. तसं नसतंय.

सीएनजी घेतलीच तर कंपनीची घ्या. बाहेरून किट बसवलेली गाडी स्वस्त दिसली तरी नको. आरसी बुकावर चढवलेली नसली तर विम्याला अडकतंय. कंपनीच्या गाडीच्या सिलिंडरचीसुद्धा दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्यावी लागतीय, त्याची प्लेट बघत जा. आणि ताकद थोडी कमी वाटंल. वॅगन आर पेट्रोलवर ६७ पीएस, गॅसवर ५७. तीन माणसं, एसी चालू आणि पुढं उसाची ट्रॉली, अशा वेळी ओव्हरटेक करताना हा फरक लक्षात ठेवायचा. घाई करायची नाही.

आता जे फुकट आहे ते सांगतो. टायरची हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर आकडा लिहिलेला आहे, तेवढीच. सकाळी गाडी थंड असताना बघायची, पंधरा दिवसांनी. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात गाड्यांत हवा कमी असतीय. मग मायलेज कमी म्हणून प्लग बदला म्हणतेत.

एअर फिल्टर. फाट्याच्या आत चार किलोमीटर कच्चा म्हणताय, त्यात कापूस-तुरीच्या दिवसांत ट्रॅक्टर पुढं असला की नुसता काळा धुराळा. पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या किलोमीटरला फिल्टर काढून झटका. घरी पण जमतंय, चार क्लिपा असतेत.

आणि उतारावर न्यूट्रल करू नका. आमच्या वडलांच्या काळात कार्बोरेटरच्या गाडीत बचत व्हायची. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय काढला की पेट्रोल पूर्ण बंद होतंय, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जातंच राहतंय. आणि ब्रेकवर सगळा भार येतोय. हे दहा जणांना सांगा ताई, घाटात यानं माणसं गेलेत.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं लिहिलंत म्हणून सांगतो, उंच बसायची गाडी बघा. वॅगन आरमध्ये म्हातारं माणूस वाकत नाही, नुसतं बाजूला सरकून बसतंय. टियागो अंगानं मजबूत, २०२० च्या क्रॅश टेस्टला मोठ्यांसाठी पाचपैकी चार स्टार आहेत, पण बसायला खाली. वॅगन आर २०२३ च्या टेस्टला एकच स्टार घेऊन आली होती, हे पण लपवणार नाही. २०२५ पासून तिच्यात सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला आल्यात. दोन्हीत सासूबाईंना बसवून बघा.

खतावणी (जालना)

मिस्त्री भाऊंचं न्यूट्रलचं माझ्या वहीतही दिसतं, सवय सोडल्यावर ॲव्हरेज घटला नाही. एक भर घालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि उपकरही गेला. जुनी आणि नवी यांच्या किमतीतलं अंतर त्यामुळे कमी झालंय. जुन्या गाडीचा मालक अजून जुन्याच हिशेबाने किंमत सांगत असेल, तर नव्या गाडीचं कोटेशन खिशात ठेवून बोला.

पहिली_घंटा (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. खतावणी सरांचं उत्तर मी प्रिंट काढून मिस्टरांसमोर ठेवलं. २२० दिवसांचं गणित माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि मी पाचवीला गणितच शिकवते.

रविवारी सासूबाईंना घेऊन गेलो. टियागोत त्या बसल्या, पण उठताना दोघांनी हात द्यावा लागला. वॅगन आरमध्ये स्वतःच्या स्वतः बसल्या आणि उतरल्याही. एका स्टारचं वाचून रात्री झोप लागली नव्हती, म्हणून सहा एअरबॅग कोटेशनवर लिहून घेतल्या. टेस्ट ड्राइव्ह शहरात नको, फाट्याच्या आत नेऊ द्या म्हणून अडून बसले. आधी नाही म्हणाले, मग नेली. तिघी मॅडम, मागे सासूबाई, एसी चालू. दोन खड्ड्यांत खाली घासते का ते खाली उतरून बघितलं, घासली नाही.

लातूरच्या ताई, तुमचं बरोबर आहे. पाराजवळून आमचं मीटर पस्तीस-चाळीस मीटर लांब आहे. पुढेमागे जागा झाली तर बघू.

पेट्रोल वॅगन आर बुक केली. सीएनजीचा पंप जिंतूर रस्त्याला असता तर निर्णय उलटा झाला असता, हेही मिस्टरांनी मान्य केलं. दोघी मॅडमनी पेट्रोलचे तीन सारखे भाग करायचं ठरवलंय. सर्व्हिसिंग आणि विमा माझा, कारण रविवारची गाडी माझी. म्हणजे पेट्रोलचे एकीला दिवसाला १०८–११० रुपये.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. मिस्त्री भाऊ, काळ्या चिखलातून आल्यावर चाकांच्या आत बसलेली माती रोज काढावी लागते का, की आठवड्याने चालेल? स्कूटीला मडगार्डमध्ये ती सिमेंटसारखी घट्ट व्हायची.

आणि दुसरी, परभणीतून जिंतूर रोडने बोरीकडे जाणारी कुणी शिक्षिका, नर्स किंवा अंगणवाडीताई इथे वाचत असेल तर मागे एक जागा रिकामी आहे. सकाळी सव्वानऊला निघणार, शनिवारी सव्वासहाला.

पाना_नंबर_बारा (नांदेड)

ताई, माती ओली असतानाच पाण्याच्या जोरानं काढा, वाळली की निघत नाही. पावसाळ्यात एक दिवसाआड. चाकाच्या आतल्या बाजूला एकाच कडेला माती धरून राहिली तर साठच्या वर स्टेअरिंग थरथरायला लागतंय. लोक बॅलन्सिंगला पैसे देतेत, तुम्ही आधी पाणी मारून बघा.